दगडी छिलक्यांवरून आदिमानव उजवा होता की डावखुरा, हे खरोखर ठरवता येते का?

मूळ प्रश्न : दादरकर_विद्यार्थी

नमस्कार मंडळी.

मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचा पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम करतो आहे. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी अश्मयुगीन माणसाच्या उजव्या-डाव्या हाताचा विषय घ्यावा असे मनात आहे, पण कामाला लागण्यापूर्वी येथील जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

आज जगात डावखुऱ्या लोकांचे प्रमाण साधारण दहा टक्के आहे. वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ते १०.६ टक्के निघाले. डावखुरे बहुसंख्य आहेत असा एकही समाज आजवर सापडलेला नाही. चिंपांझींमध्ये एखादा प्राणी ठरावीक कामासाठी ठरावीक हात वापरतो हे खरे, पण सगळ्या समूहाचा आपल्याइतका ठाम कल असतो का, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. म्हणजे दहातले नऊ उजवे हे प्रमाण मानववंशात कधीतरी, कुठल्यातरी टप्प्यावर स्थिरावले असणार. मेंदूच्या दोन अर्धगोलांमधील कामाच्या वाटणीशी, आणि काहींच्या मते भाषेच्या उगमाशीही याचा संबंध असल्यामुळे तो टप्पा शोधण्याला महत्त्व आहे.

पुरातत्त्वज्ञ निकोलस टॉथ यांनी १९८५ साली मांडलेल्या कामाबद्दल वाचले. केनियातील कूबी फोरा येथील १९ ते १४ लाख वर्षांपूर्वीच्या छिलक्यांवरून, म्हणजे हत्यार घडवताना दगडातून निघालेल्या पातळ तुकड्यांवरून, त्या काळातील हत्यारे घडवणारे प्रामुख्याने उजवे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्याकडे १९३०च्या दशकात के. आर. यू. टॉड यांनी कांदिवली परिसरातील थरांमधून दगडी हत्यारे गोळा केली होती आणि १९३९ साली त्यांवर लेखही लिहिला होता. टॉथ यांची पद्धत मुंबईच्या अशा जुन्या संग्रहाला लावता येईल का? आणि मुळात ही पद्धत कितपत भरवशाची आहे?

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील हातकुऱ्हाडी मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्या दोन्ही बाजूंनी इतक्या सारख्या घडवलेल्या असतात की कुठल्या हाताने घडवल्या, याचा नुसत्या नजरेने काहीच अंदाज येत नाही.

प्रतिसाद : गारगोटी

प्रश्न उत्तम आहे. मी छंद म्हणून दगड फोडून हत्यारे घडवतो, त्यामुळे टॉथ यांच्या पद्धतीचा अर्थ हाताने करून पाहिलेला आहे. तो आधी सांगतो.

उजवा माणूस हातोड्याचा दगड उजव्या हातात आणि गाभा, म्हणजे ज्यातून छिलके काढायचे तो दगड, डाव्या हातात धरतो. नदीतल्या गोट्यावर बाहेरून जुनी, झिजलेली साल असते. पहिला घाव घातला की सालीसकट एक छिलका निघतो. पुढचा छिलका त्याच्या शेजारून काढायचा, म्हणून डाव्या हातातला गाभा थोडा फिरवावा लागतो. डाव्या मनगटाला जी दिशा सोयीची पडते त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, तो फिरवला जातो असे टॉथ यांचे म्हणणे. तसे झाल्यास दुसऱ्या छिलक्याच्या डाव्या अंगाला आधीच्या छिलक्याचा व्रण येतो आणि उजव्या अंगाला साल शिल्लक राहते. छिलक्याची पाठ आपल्याकडे करून आणि घाव बसलेले टोक वर धरून पाहिले, की साल कोणत्या अंगाला आहे ते लगेच दिसते. डावखुऱ्या माणसाच्या छिलक्यांत याच्या उलट कल यायला हवा.

कूबी फोराच्या छिलक्यांत हे प्रमाण शंभरात ५७ उजवे (साल उजव्या अंगाला असलेले) आणि ४३ डावे असे आले. टॉथ स्वतः उजवे आहेत. त्यांनी तसेच गाभे फोडून पाहिले तेव्हा त्यांचे स्वतःचे प्रमाण ५६ आणि ४४ निघाले. दोन आकड्यांचे हे साम्य हाच त्यांच्या युक्तिवादाचा कणा आहे.

आता या आकड्यांकडे बारकाईने पाहा, कारण माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे. शंभर टक्के उजव्या माणसाच्या हातूनही शंभरातले चव्वेचाळीस छिलके ‘डावे’ निघतात. म्हणजे एकट्या छिलक्यावरून माणसाबद्दल काहीच बोलता येत नाही. बोलायचे तर ढिगाबद्दल बोलावे लागते. त्या ढिगातही नव्वद टक्के घडवणारे उजवे आणि दहा टक्के डावखुरे धरले, तर अपेक्षित प्रमाण साधारण ५५ आणि ४५ येते. ज्या समूहात उजवे-डावे निम्मेनिम्मे आहेत, तिथे ते ५० आणि ५० येईल. एवढ्याशा फरकावर निष्कर्ष उभा करायचा आहे. नाणे शंभर वेळा उडवले तर ५७ किंवा त्याहून जास्त वेळा छापा येण्याची शक्यता जवळजवळ दहात एक असते. त्यामुळे शे-दीडशे छिलक्यांच्या संग्रहात ५७ हा आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. विश्वासाने काही म्हणायचे तर एकाच थरातले, एकाच पद्धतीने काढलेले, साल शिल्लक असलेले असे कित्येक शे छिलके लागतात.

दुसरी अडचण घडवण्याच्या रीतीची. गाभा एकाच बाजूने, ओळीने फोडत गेले तरच टॉथ यांचे गणित लागू पडते. हातकुऱ्हाड घडवताना दगड सतत उलटापालटा करावा लागतो, कडेने कधी पुढे तर कधी मागे जावे लागते. तिथे सालीची बाजू मनगटापेक्षा दगडाच्या आकारावर ठरते. माझा अनुभव असा की दगडात एखादी चीर किंवा मऊ भाग आला की मी सवय सोडून जिथून घाव नीट बसेल तिथून घालतो, आणि सगळेच कारागीर तसे करत असणार. १९८६ सालीच पॅटरसन आणि सोलबर्गर यांनी टॉथ यांच्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. पुढे १९९९ साली ब्रियाना पोबिनर यांनी उजव्या आणि डावखुऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या लोकांकडून छिलके काढून घेऊन ही पद्धत तपासली, तेव्हा छिलक्यांवरून हात ओळखता येतो या दाव्याला आधार मिळाला नाही.

यानंतर लोक घावाच्या खुणेकडे वळले. बारीक पोताच्या दगडावर घाव बसला की आत शंकूच्या आकाराचा तडा जातो आणि त्याचा काही भाग छिलक्यावर फुगवट्याच्या रूपाने दिसतो. हात कोपरातून वर्तुळाकार खाली येत असल्यामुळे घाव अगदी सरळ बसत नाही, किंचित तिरका बसतो आणि शंकूही एका बाजूला कलतो. रग आणि मुलेन यांनी २००१ साली या कलावरून हात ओळखण्याची पद्धत मांडली. तर्क चांगला आहे, कारण इथे गाभा कसा फिरवला यापेक्षा हात कसा खाली आला याची नोंद मिळते. परंतु नंतरच्या चाचण्यांत सर्वांना सारखी अचूकता मिळालेली नाही, आणि शंकू स्पष्ट दिसेल असेच छिलके निवडावे लागतात. चर्ट, अकीक, जास्पर यांच्यावर तो स्वच्छ दिसतो. आपल्या बसाल्टवर, त्यातही झिजलेल्या बसाल्टवर, नेमका दिसणे कठीण.

हत्यार घडवण्यापेक्षा वापरण्याच्या खुणा मला अधिक बोलक्या वाटतात. सर्गेई सेम्योनोव यांनी सोव्हिएत संघातील उत्तर पुराश्मयुगीन तासण्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य तासण्यांची धार उजव्या कोपऱ्याकडे जास्त झिजलेली आढळली. कातडे तासताना हत्यार उजव्या हातात तिरके धरले तर झीज तिथेच यायला हवी. १९५७ सालचे त्यांचे पुस्तक वापराच्या खुणांच्या साऱ्या अभ्यासाचा पाया आहे.

प्रतिसाद : डॉ_दंतवैद्य_परळ

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. दगडाबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा दातांवर आहे असे माझे ठाम मत आहे, म्हणून लिहिते.

मांसाचा तुकडा किंवा कातड्याचा पट्टा पुढच्या दातांत धरायचा, त्याचे दुसरे टोक एका हाताने ताणायचे आणि दुसऱ्या हातातल्या दगडी छिलक्याने तोंडाजवळच कापायचा, ही कापण्याची रीत अनेक समाजांत पाहिलेली आहे. असे कापताना छिलक्याची धार अधूनमधून पटाशीच्या दातांच्या ओठाकडच्या पृष्ठभागावर घसरते आणि इनॅमलवर बारीक ओरखडा उठतो. उजव्या हाताने कापणाऱ्याचे ओरखडे डावीकडून उजवीकडे खाली उतरतात, डावखुऱ्याचे त्याच्या उलट. प्रयोगशाळेत दातांवर कवच बसवून, प्रत्यक्ष दगडाने कापून ही दिशा पडताळलेली आहे.

स्पेनमधील अतापुएर्का येथील सिमा दे लोस उएसोस या खोल विवरातील सुमारे ४,३०,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवर असे ओरखडे सापडले आणि १९८८ साली बेर्मुदेस दे कास्त्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अर्थ लावला. कल स्पष्टपणे उजवा होता. क्रोएशियातील क्रापिना येथील सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या आणि आपल्याला जवळच्या मानवजातीच्या, दातांवरही तेच चित्र आहे. त्याहून फार जुना नमुना टांझानियातील ओल्डुवाई घळीतला. ओएच-६५ या नावाने ओळखला जाणारा, सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीचा तो वरचा जबडा आहे. डेव्हिड फ्रेअर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यावरील ओरखडे तपासून तो माणूस उजवा असल्याचे मांडले.

हा पुरावा मी भक्कम का म्हणते? एक तर दात एका विशिष्ट व्यक्तीचा असतो. दगडाच्या ढिगात किती जणांचे काम मिसळले आहे ते कळत नाही. जबड्यात एकच माणूस असतो, आणि त्याच्या अनेक दातांवरचे अनेक ओरखडे एकमेकांची साक्ष देतात. दुसरे म्हणजे जिवंतपणी उठलेला ओरखडा पुढच्या वापराने कडांना गुळगुळीत होतो. माणूस मेल्यानंतर वाळू-मातीत घासून पडलेला ओरखडा ताजा, धारदार कडांचा आणि वाटेल त्या दिशेचा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो. आमच्याकडे दात घासण्याच्या पद्धतीमुळे झिजलेले दात रोज येतात. जोर लावून आडवे घासणाऱ्या उजव्या व्यक्तीची झीज बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्याजवळ जास्त असते, इतकी सवय दातात उतरते.

मर्यादा मात्र सांगायलाच हवी. ओएच-६५ हा एकच माणूस आहे. तो उजवा होता एवढे म्हणता येते. त्याच्या काळातले दहापैकी नऊ लोक उजवे होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. सिमा आणि क्रापिना यांचे मोल यासाठी अधिक, की तिथे एकाच ठिकाणी अनेक व्यक्ती मिळाल्या.

प्रतिसाद : शिवाजीपार्क_जिमखाना

एक मुद्दा मांडू इच्छितो. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करायचे, पण लिहितात डाव्या हाताने. उद्या कुणाला त्यांची लेखणी मिळाली तर निष्कर्ष एक निघेल आणि बॅट मिळाली तर दुसरा. अश्मयुगातील माणसाचे एकच काम आपल्यासमोर असते. त्यावरून त्याला सरसकट उजवा किंवा डावखुरा म्हणणे कितपत योग्य?

प्रतिसाद : शरीररचना_शिक्षक

हा आक्षेप रास्त आहे, आणि हाडांच्या पुराव्याला तो सर्वाधिक लागू पडतो.

हाडावर वारंवार ताण आला की ते जाड होते. व्यावसायिक टेनिस खेळाडूंवरील १९७७ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात, खेळणाऱ्या हाताच्या दंडाच्या हाडाचा कठीण थर पुरुषांमध्ये सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळला. याच तत्त्वावर निअँडरथलांच्या दंडाच्या हाडांत उजव्या बाजूची मोठी वाढ मोजलेली आहे. ती भाला खुपसण्यामुळे आली की कातडी तासण्याच्या दीर्घ कामामुळे, यावर अजून वाद आहे. पण कारण काहीही असो, अवजड काम कोणत्या हातावर पडत होते ते त्यातून कळते. नाजूक काम कोणता हात करत होता, हे त्यातून कळत नाही.

शिवाय हाड फसवूही शकते. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेला शानिदार-१ हा निअँडरथल पुरुष घ्या. त्याच्या दोन हातांत विलक्षण फरक आहे, पण त्याला कारण दुखापत. त्याचा उजवा दंड खुरटलेला आहे आणि कोपराच्या वरून हात तुटलेला आहे, तरीही तो त्यानंतर अनेक वर्षे जगला. केवळ मापे पाहणारा त्याला डावखुरा ठरवील. इंग्लंडमधील वॉरम पर्सी या मध्ययुगीन गावातील सांगाड्यांत ८१ टक्के व्यक्तींची उजव्या हाताची हाडे लांब, १६ टक्क्यांची डाव्या हाताची लांब आणि ३ टक्क्यांची समान आढळली. समूहाचा कल त्यातून आजच्या प्रमाणाच्या बराच जवळ येतो, पण त्या १६ टक्क्यांतली प्रत्येक व्यक्ती डावखुरी होती असे कोणीही शरीररचनेचा अभ्यासक म्हणणार नाही.

म्हणून श्री. जिमखाना यांना माझे उत्तर असे की, व्यक्तीवर शिक्का न मारता ‘या कामात हा हात पुढे होता’ एवढेच लिहावे. फ्रान्समधील रेगुर्दू येथील निअँडरथलाचे महत्त्व यासाठीच आहे, की त्याच्या दातांवरचे ओरखडे आणि हातांची हाडे हे दोन स्वतंत्र पुरावे उजव्या बाजूलाच बोट दाखवतात.

दादरकर_विद्यार्थी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचा मुद्दा पटला, पण मुंबईच्या परिसरात अश्मयुगीन दात कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. मग गुहाचित्रांतील हातांच्या ठशांचा मार्ग कसा आहे? भीमबेटकालाही हाताचे ठसे आहेत.

प्रतिसाद : लेणीप्रेमी_बोरिवली

हातांच्या आकृत्या दोन प्रकारच्या असतात आणि दोघींचा अर्थ वेगळा लावावा लागतो. हात भिंतीवर टेकवून भोवती रंग फुंकला की हाताची मोकळी आकृती उरते. रंग फुंकण्याची नळी जर दुसऱ्या हातात धरली असेल, तर भिंतीवरचा डावा हात म्हणजे नळी धरणारा उजवा हात, असे अनुमान निघते. शार्लोट फोरी आणि मिशेल रेमों यांनी २००४ साली पश्चिम युरोपातील उत्तर पुराश्मयुगीन गुहांमधल्या अशा आकृत्या मोजल्या आणि सोबत आजच्या फ्रेंच विद्यार्थ्यांकडून नळीने रंग फुंकवून तशाच आकृत्या काढून घेतल्या. दोन्हीकडे डाव्या हातांचे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश आले, लक्षणीय फरक मिळाला नाही. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी गुहेतल्या आकड्याची तुलना थेट ‘नव्वद टक्के’ या आकड्याशी केली नाही. आजच्या माणसांनी तेच काम केल्यावर काय आकडा येतो, ते आधी पाहिले. काही उजवे लोकही आपला उजवाच हात भिंतीवर ठेवतात, हे त्यातूनच समजते.

अर्जेंटिनातील कुएवा दे लास मानोस येथे ८२९ डावे आणि ३१ उजवे हात मोजलेले आहेत. आकडा मोठा आहे, परंतु एकाच माणसाने किती वेळा हात ठेवला ते माहीत नाही. तसेच तळहात भिंतीकडे होता की हाताची मागची बाजू, याचीही खात्री करावी लागते, कारण मागची बाजू टेकवली तर उजवा हात डाव्यासारखा दिसतो. रंग थेट तोंडातून फुंकला असेल, तर दुसऱ्या हाताचा प्रश्नच येत नाही.

रंगात हात बुडवून उमटवलेला ठसा हा दुसरा प्रकार. तिथे तर रूढीच आड येते. आपल्याकडे शुभकार्यात दारावर किंवा भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उमटवताना डावखुऱ्या सुनेलाही उजवाच हात पुढे करायला सांगतात. जेवताना, प्रसाद घेताना, ओवाळताना तेच. माझ्या पिढीतल्या कितीतरी डावखुऱ्या मुलांना पाटीवर उजव्या हाताने गिरवायला लावले गेले. अशा समाजाच्या ठशांवरून कुणी भविष्यात मोजणी केली तर डावखुरे जवळजवळ नाहीसेच होतील. भीमबेटकाच्या ठशांमागे कोणती रूढी होती ते आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, म्हणून त्यांच्यावरून हात ठरवू नये असे मला वाटते.

प्रतिसाद : गारगोटी

दादरकर, आता कांदिवलीबद्दल. टॉड यांच्या संग्रहावर ही मोजणी करू नका, असाच माझा सल्ला राहील. गोट्या-वाळूच्या थरांतून आलेली हत्यारे पाण्याने वाहून, घासून आलेली असतात, एका बैठकीतली नसतात. त्यात पूर्वीच्या संग्राहकांनी चांगली दिसणारी हत्यारे निवडून ठेवली आणि साध्या छिलक्यांकडे दुर्लक्ष केले असण्याची शक्यता मोठी. टॉथ यांच्या पद्धतीला नेमके तेच साधे, साल असलेले छिलके लागतात. आजच्या कांदिवलीत ते थर शोधायला जाणेही फारसे शक्य राहिलेले नाही. कुठे एखादा छिलका पृष्ठभागावर दिसलाच तर तो उचलून घरी आणू नका. मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, जागा नोंदवा आणि अभ्यासक्रमाच्या शिक्षकांना कळवा.

त्याऐवजी प्रयोग करा. महाराष्ट्रात डोंगरभर बसाल्ट आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत तयार होणारे अकीक आणि जास्परही मिळतात. या दोन्ही प्रकारच्या दगडांवर घावाचा शंकू किती स्पष्ट उमटतो, याची उजव्या आणि डावखुऱ्या अशा दोन्ही हातांनी केलेली पद्धतशीर तुलना आपल्या भागातील पुढच्या प्रत्येक अभ्यासाला उपयोगी पडेल. डावखुरे लोक मुद्दाम शोधून घ्या. दहा जणांच्या वर्गात एखादाच मिळेल आणि एकट्यावर काही सिद्ध होणार नाही. प्रत्येकाला आधी दगड फोडण्याचा पुरेसा सराव होऊ द्या, कारण नवशिक्याचा घाव कुठेही बसतो आणि त्याच्या छिलक्यांत हातापेक्षा गोंधळच जास्त उमटतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत चामड्याचे मोजे हवेतच, आणि काम मोकळ्या हवेत करा, कारण दगडाची बारीक धूळ फुफ्फुसांना घातक असते. प्रत्येकाचे सगळे छिलके, अगदी चिरफळ्यांसकट, वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर फक्त क्रमांक घाला. कोणता क्रमांक कोणत्या हाताचा, याची यादी दुसऱ्या कुणाकडे बंद पाकिटात ठेवा आणि सालीची बाजू व शंकूचा कल यांची सगळी नोंद कागदावर उतरल्यावरच ती उघडा.